दीड फुटाला एक माणूस

तिला सगळे पॉलिशबाई म्हणत. खरं नाव होतंच, पण ते दवाखान्याच्या कागदांवर आणि सासूबाईंच्या रागातच तेवढं निघायचं. प्रार्थनाघराची झाडलोट, दिवाबत्ती, दारं उघडणं आणि लावणं हे तिचं काम. नाव मात्र पडलं ते बाकांवरून. प्रार्थनाघरात अठ्ठेचाळीस बाकं होती, एकेक बारा फुटी, जुन्या टणक लाकडाची, आणि त्या सगळ्यांना आठवड्यातून एकदा तेलाचा हात द्यायचं काम ती बावीस वर्षं करत होती. गुडघ्यांवर बसायचं, फडकं तेलात बुडवून पिळायचं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत घासत सरकायचं. हे सगळं मिळून किती फूट होतं असं कुणी विचारलं, तर ती म्हणायची, "माझ्या गुडघ्यांना विचारा, ते बरोबर सांगतील."

आता गंमत अशी, की या अठ्ठेचाळीसातल्या तेरा बाकांवरच माणसं बसायची. बाकीची पस्तीस रिकामी. पण रिकामी म्हणजे मोकळी नव्हेत हं! तिथे प्रार्थनेला येणाऱ्या मंडळींची रीतच तशी होती. एका घराला एक बाक. घरातलं शेवटचं माणूस गेलं, देवाघरी म्हणा किंवा परगावी म्हणा, तरी त्या घराचं बाक हलवायचं नाही आणि दुसऱ्याने त्यावर टेकायचं नाही. पाहुणा आला तर त्याला स्टूल द्यायचं. गेलेला माणूस आपल्या जागेवर आहे असंच धरायचं आणि त्याच्या जागेची निगा राखायची. निगा राखायची म्हणजे अर्थात पॉलिशबाईने राखायची. मंडळी नुसती धरून चालायची.

ती स्वतः त्या मंडळींपैकी नव्हती. तिचा देव वेगळा होता, आणि खरं सांगायचं तर त्याच्याकडे जायला तिला वर्षातून दोन वेळाही सवड होत नसे. पण कुठल्या बाकावर कोण बसायचं, हे तिला त्या मंडळींपेक्षा जास्त पाठ होतं. लाकूड कुठे खोलगट झालंय, कुणाच्या पोराने कंटाळून चाकूने काय कोरलंय, कुठल्या टोकाला कुणाची काठी टेकून टेकून खड्डा पडलाय, सगळं तिच्या तळहाताला ठाऊक होतं. बसली मात्र ती एकाही बाकावर कधी नव्हती. बावीस वर्षांत एकदाही नाही.

प्रार्थनाघराच्या मागच्याच गल्लीत, कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानाच्या वर, एका खोलीत ती आणि तिच्या सासूबाई राहायच्या. नवरा लवकर गेला होता. त्यानंतर या दोघींनी एकमेकींना सोडून जायचं ठरवलं नाही, एवढंच. प्रेमाबिमाची भाषा त्या घरात कुणी केली नाही. सासूबाईंची किडनी दगा देऊन बसली होती आणि आठवड्यातून तीनदा त्यांना दवाखान्यात डायलिसिसला न्यावं लागे. दवाखाना पायी दहा मिनिटांवर होता. ती दहा मिनिटं सासूबाई सुनेच्या खांद्यावर हात ठेवून चालायच्या आणि सबंध रस्ता तिच्या चालण्याला नावं ठेवायच्या. "सावकाश चाल की जरा. तुला काय बाकं पळून जायची भीती आहे?"

आणि अशातच एका वर्षी दुकानाच्या मालकाने इमारत विकली. त्या गावाची हवा चांगली, पाणी चांगलं, सुट्टीला येणारे लोक पैसेवाले. घरोघरच्या खोल्या आठवड्याच्या पाहुण्यांना जायला लागल्या होत्या आणि गावात राबणारा माणूस गावातून हद्दपार होत होता. नव्या मालकाने दोघींना वर्षभराची मुदत दिली. तो सज्जनच होता. मुदत देताना त्याने चहासुद्धा पाजला. पण वर्षानंतर जायचं कुठे? परवडेल अशी सगळ्यात जवळची खोली बसने दोन तासांवर होती. आठवड्यातून तीनदा दोन तास जायचं, दोन तास यायचं, आणि तेही सत्तरीच्या, रक्त धुऊन घेऊन पांढऱ्या फटक पडलेल्या बाईला घेऊन! पॉलिशबाईने सासूबाईंना मुदतीचं सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. या खोलीत डास फार होते." मग त्या बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

प्रार्थनाघराच्या मंडळींनाही याच सुमाराला एक चटका बसला होता. त्यांच्यात एक तरुण कंपाउंडर होता, गळ्याचा गोड. प्रार्थनेला सूर लावून द्यायचं काम त्याचं. त्याची खोली गेली आणि तोही गाव सोडून गेला. त्यानंतर पहिल्या प्रार्थनेला सत्तर माणसांनी सत्तर सुरांत सुरुवात केली. मंडळींचे चिटणीस म्हणजे निवृत्त हेडमास्तर. माणूस काटकोनात चालणारा, दुसऱ्याने लिहिलेल्या लग्नपत्रिकेतल्यासुद्धा चुका लाल शाईने दाखवणारा. ते प्रार्थना मध्येच थांबवून म्हणाले, "हे असं चालायचं नाही. आपल्या मागे एवढं मोठं अंगण पडलंय गाड्या लावायला. तिथे घरं बांधू या."

एका बैठकीत ठरलं. कुणी हूं की चूं केलं नाही. तीन मजले, सत्तावीस घरं. भाडं माणसाच्या कमाईकडे बघून ठरवायचं. गावात काम करणाऱ्या कुणालाही घर मिळेल. देव कुठला हे विचारायचं नाही, देव आहे का हेही विचारायचं नाही. हेडमास्तरांनी अर्ज स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात लिहिला. पॉलिशबाईने तो पाकिटात घालून नगरपालिकेत नेऊन दिला. येताना ती इतकी भरभर चालत आली, की आपण सासूबाईंची औषधं आणायची होती हे ती साफ विसरली, आणि त्याबद्दल तिने बोलणीही खाल्ली.

दोन महिन्यांनी अर्ज नामंजूर होऊन आला.

का, तर गाड्या! प्रार्थनाघरात जितकी माणसं बसतात, त्यातल्या चौघांमागे एक गाडी लावायला जागा हवी, असा नियम. हेडमास्तरांनी लिहिलं होतं, वापरातल्या जागा तीनशे चौऱ्याऐंशी. म्हणजे शहाण्णव गाड्या. म्हणजे सगळं अंगण गाड्यांनाच जाणार, घरं कुठे बांधणार?

मोजणीला नगरपालिकेचे साहेब आले. स्वभावाने गरीब आणि अंगाने भरपूर. त्यांनी फीत काढली, एक बाक मोजलं, वहीत लिहिलं आणि म्हणाले, "बारा फूट. आठ माणसं."

"कशावरून आठ?" पॉलिशबाईने विचारलं. ती फडकं पिळत तिथेच होती.

"दीड फुटाला एक माणूस. नियम आहे."

पॉलिशबाईने साहेबांकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "साहेब, राग मानू नका, पण दीड फुटात तुम्ही तरी मावाल का?"

साहेब हसले. "नियमातला माणूस बारीक असतो, बाई."

"अहो पण प्रार्थनेला गाड्या येतात एकोणीस! मी सांगते ना. त्यांच्याखालचे तेलाचे डाग मला पुसायला लागतात. एकोणीस. पाऊस असला तर बावीस. पस्तीस बाकांवर कुणी बसतच नाही. मग काय, मेलेल्या माणसांच्या गाड्यांसाठी जागा राखून ठेवायची?"

साहेबांनाही ते पटलं असावं. त्यांनी हेडमास्तरांना बाजूला घेतलं. "सर, सोपं आहे. इतर ठिकाणी लोक काय करतात, रिकाम्या बाकांना दोरी बांधतात आणि 'वापरात नाहीत' अशी एक ओळ लिहून देतात. तुम्ही अर्जात वापरातली म्हणून सगळी बाकं लिहिलीत, तिथे घोटाळा झाला. एक ओळ द्या, मी उद्या कागद पुढे सरकवतो."

दुसऱ्या कुणीही ती ओळ तिथल्या तिथे लिहून दिली असती. पण ही मंडळी पडली ही मंडळी! हेडमास्तर ताठ झाले. "ती वापरात नाहीत असं मी कसं लिहू? माझे थोरले काका चौथ्या बाकावर आहेत." आहेत म्हणाले, होते नाही म्हणाले. साहेबांनी चौथ्या बाकाकडे पाहिलं, तिथे कुणी नव्हतं, आणि त्यांनी फीत गुंडाळून खिशात ठेवली.

पॉलिशबाई मात्र त्या दिवशी घरी आली ती धुमसतच. "मेल्यांना बसायला जागा आहे, गाड्यांना जागा आहे, फक्त जित्या माणसांना नाही!" असं म्हणत तिने भांडी अशी काही आदळली, की खालून इस्त्रीवाला वर बघून गेला. सासूबाई पांघरुणातून म्हणाल्या, "इथे आदळून काय होणार? जिथे आदळायचं तिथे आदळ." सासू म्हणून त्यांच्यात शंभर खोडी होत्या, पण हे वाक्य लाख मोलाचं होतं.

पुढच्या आठवड्यात मंडळींची बैठक भरली. दुपारची वेळ, वरच्या खिडक्यांतून ऊन आत आलेलं. दोरी बांधायची की नाही यावर दोन तास खल झाला. कुणी म्हणालं, एका ओळीने काय बिघडतं? कुणी म्हणालं, आज दोरी बांधाल, उद्या नावं पुसाल. सगळ्यात कडक विरोध होता बारा फुटी आजींचा. हे नाव त्यांना पडलं होतं कारण बारा फुटांच्या बाकावर त्या एकट्याच बसायच्या, मधोमध, हातात काठी घेऊन. नवरा गेला होता आणि तिन्ही मुलगे परगावी होते. आजींचा धाक असा, की त्या खोकल्या तरी हेडमास्तर बोलायचे थांबत. त्यांनी काठी आपटून सांगितलं, "बाकांना दोरी बांधायला ती काय गुरं आहेत? जो हात लावेल त्याने आधी मला उचलून बाहेर ठेवावं."

संपलं. हेडमास्तर बैठक आटोपती घेणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "मला बोलायचंय."

पॉलिशबाई दाराशी उभी होती, हातात फडकं तसंच. सगळ्या माना वळल्या. हेडमास्तरांची फार पंचाईत झाली. ते हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही परक्या नाहीत. पण बैठकीत ज्याने त्याने आपल्या बाकावरूनच बोलायची रीत आहे. तुम्हाला बाक नाही."

तिने मान डोलावली. मग मागे वळायला लागली. माझं म्हणणं, तिथेच सगळं संपायचं. पण काठीचा आवाज झाला.

"माझ्या बाकावर सात जागा रिकाम्या आहेत," बारा फुटी आजी म्हणाल्या. "ये गं. बस इथे, माझ्या धाकट्याच्या जागेवर."

आजींनी असं का केलं हे पुढे त्यांना पुष्कळांनी विचारलं. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: "तिला चांगलं झापायचं होतं मला. पण आधी ती बोलल्याशिवाय झापणार कशी?"

पॉलिशबाई आली आणि बसली. बावीस वर्षं ज्या लाकडाला वरून हात लावला त्यावर पहिल्यांदा बसली. तिने फडकं मांडीवर ठेवलं.

"मला तुमच्या धर्मातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "बाकांतलं कळतं. आजी, मी बसलेय तिथे तुमच्या धाकट्याने होडी कोरलीय. शिडासकट. दर आठवड्याला शिडात तेल साचतं, ते मी काडीने काढते. तो कुठे असतो आता?"

"तुला ठाऊक आहे कुठे असतो. सहा तासांवर."

"का गेला?"

आजींनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "लग्न झालं. घर मिळेना."

"सर म्हणतात बाकं रिकामी नाहीत, माणसं आहेत. मला पटतं ते. दर आठवड्याला मी त्यांच्या पायांशी बसते, मला नाही पटणार? पण सगळी मेलेली नाहीत हो. मी मोजलंय. तेरा बाकं मरणाने रिकामी झाली. बावीस बाकं भाड्याने रिकामी झाली. बावीस! ती सगळी जिवंत आहेत. कुणी दोन तासांवर, कुणी सहा तासांवर, आणि तुम्ही इथे त्यांची जागा पुसून ठेवता. जागा पुसून ठेवायची होती तर घराची ठेवायची होती, बाकाची कसली?" तिने फडक्याची घडी मोडून पुन्हा घातली. "आणखी पाच महिन्यांनी मीही जाणार. माझ्या आईंना दवाखान्यात न्यायला मला पहाटेची बस धरावी लागेल. मला काही बाक नाही, त्यामुळे माझं काय रिकामं झालं ते तुम्हाला दिसायचंसुद्धा नाही. दोरी बांधू नका. खोटं लिहू नका. सर लिहिणारही नाहीत. पण ज्याची जागा आहे ती त्याच्या नावाने देता येते ना? द्या. बाहेर काढा बाकं, खरीखुरी, आणि जागा जित्या माणसांना द्या."

ऊन खिडकीतून थोडं सरकलं. आजींनी खाली वाकून त्या होडीवर बोट फिरवलं. झापायचं राहूनच गेलं.

"धाकटा काही परत यायचा नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "त्याचं तिकडे बस्तान बसलंय. पण दुसऱ्या कुणाचा तरी राहील इथे." आणि त्या काठी टेकून उठल्या. "माझं बाक आधी काढा."

"आजी, तुम्ही बसाल कुठे?" हेडमास्तरांनी विचारलं.

आजी तरातरा चालत त्यांच्याच बाकापाशी गेल्या. "सरका."

हेडमास्तर सरकले. त्या घराच्या बाकावर परकं माणूस बसण्याची ही पहिली वेळ. मग मागच्या एकाने हात वर केला, आमच्या मामांचं काढा. मग दुसऱ्याने. तासाभरात पस्तीस बाकं दिली गेली, आजींचं धरून छत्तीस. परगावी असलेल्यांना फोन लावले. एकानेही नाही म्हटलं नाही. एक तर फोनवर हमसाहमशी रडला आणि म्हणाला, अजून ठेवलंय तुम्ही आमचं बाक?

बाकं काढायचा दिवस म्हणजे सोहळाच झाला. बारा फुटी जड लाकडं, आणि मंडळींत निम्मे साठीच्या पुढचे. मग पलीकडच्या रस्त्यावर ज्यांचं प्रार्थनास्थान आहे ते दुसऱ्या देवाचे लोक आले, नदीकाठच्या तिसऱ्या देवाचे आले. इतकी वर्षं ही तिन्ही मंडळी एकमेकांना रस्त्यात मान हलवण्यापलीकडे ओळखत नव्हती. एका बाकाला आठ माणसं लागायची. पॉलिशबाई पुढे उभी राहून ओरडत होती, "टोकाला धरू नका, तिथे सांधा कच्चा आहे! अहो काका, पाय सांभाळा!" काही बाकं दवाखान्याच्या व्हरांड्यात गेली, काही बसथांब्यावर, काही शाळेत. आता त्यांवर कुणीही बसायला लागलं. सासूबाईंनी डायलिसिसच्या रांगेत बसून पाहिलं आणि निकाल दिला, "टणक आहे. पण पुसलंय चांगलं."

साहेब पुन्हा आले. बारा बाकं, शहाण्णव जागा, चोवीस गाड्या. अंगणाचा एक कोपरा पुरला. साहेबांनी शिक्का मारला आणि जाता जाता पॉलिशबाईला म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्या खात्यात यायला हवं होतं." ती म्हणाली, "तुमच्या खात्यातला माणूस बारीक असतो. मी मावणार नाही."

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण घरं काही शिक्क्याने उभी राहत नाहीत. पाया खणेपर्यंतच मुदत संपली. दोघी दोन तासांवरच्या खोलीत गेल्या. पुढची दोन वर्षं कशी गेली ते मी थोडक्यात सांगतो, कारण ती लांबवून सांगण्यासारखी नव्हती. प्रार्थनाघराचं दार उघडायला रोज पहाटेची बस. डायलिसिसच्या दिवशी सासूबाई बरोबर, खिडकीशी, डोकं सुनेच्या खांद्यावर. परतीच्या बसमध्ये जागा मिळाली नाही तर सून उभ्याने डुलक्या काढायची. एकदा सासूबाई म्हणाल्या, "मला इथेच कुठेतरी सोडून दे बाई, तू तरी नीट जगशील." तेव्हा पॉलिशबाईने भर बसमध्ये त्यांना असं काही सुनावलं, की कंडक्टर दोन थांबे त्यांच्याकडे आलाच नाही. सासूबाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही.

त्याच दोन वर्षांत नदीकाठच्या मंडळींनीही आपल्या मागच्या जागेवर घरं बांधायचं मनावर घेतलं, आणि रस्त्यापलीकडच्यांनीही. या शेवटच्यांचा देव म्हणजे पॉलिशबाईचाच देव, जिथे ती वर्षानुवर्षं फिरकली नव्हती. त्यांनी तिला बोलावून पहिल्या रांगेत बसवलं आणि विचारलं, "गाड्यांचा नियम काय तो समजावून सांगा." तिने तळहातावर बोटाने आखून सांगितलं: दीड फुटाला एक माणूस, चार माणसांना एक गाडी, आणि तुमच्यातले येत नाहीत किती ते खरं मोजा. "माझ्यापासून सुरुवात करा," ती म्हणाली, "मी येत नाही." सगळे हसले आणि मोजायला लागले.

इमारत झाली. कंपाउंडर काही परत आला नाही. त्याने तिकडेच लग्न करून संसार थाटला होता. पण एक नर्स आली, दोन बसड्रायव्हर आले, शाळेत शिकवणारी एक बाई तीन पोरांना घेऊन आली. कुणाला घर द्यायचं ते तिन्ही मंडळींनी मिळून नेमलेली बाहेरची समिती ठरवत होती: काम कुठे, येणंजाणं किती, घरात आजारी कोण. पॉलिशबाईला तळमजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्याचं पत्र आलं, तेव्हा ती आनंद करायच्या आधी हेडमास्तरांकडे गेली. "सर, वशिला लावलात का?"

हेडमास्तर लालबुंद झाले. "मी यादी उघडूनसुद्धा पाहिली नाही! आणि पत्रात तुमचं नाव चुकीचं लिहिलंय, दुरुस्त करून आणा!" तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला. ती तिथेच पायरीवर बसली आणि पदर तोंडावर घेऊन मनसोक्त रडली.

सामान फार नव्हतं. एका टेम्पोत सगळं आलं. सासूबाईंनी दोन्ही खोल्या फिरून पाहिल्या, नळ सोडून पाहिला, खिडक्या लावून पाहिल्या. खोड काढायला काहीच सापडेना म्हणून त्या जरा नाराजच झाल्या.

दुसऱ्याच दिवशी सकाळी प्रार्थना होती. साडेसातची वेळ. मंडळी जमली, सत्तरेक माणसं, आणि पाहतात तर दार बंद! चोवीस वर्षांत असं झालं नव्हतं. पुरात झालं नव्हतं, बस बंद पडली तेव्हा झालं नव्हतं. हेडमास्तरांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं. त्यांच्या मनात नको नको ते आलं. अंगण ओलांडून ते तळमजल्याच्या दाराशी गेले आणि कडी वाजवणार, तोच दार आतून उघडलं. सासूबाई ओठांवर बोट ठेवून उभ्या होत्या.

"आजारी आहेत का बाई?" हेडमास्तरांनी विचारलं.

"झोपलीय."

"अजून? साडेसात वाजले."

"मला घड्याळ कळतं. दोन वर्षं बसमध्ये उभ्याने झोपलीय ती. आज घरात झोपलीय. उठवायचं असेल तर तुम्ही उठवा, मी नाही उठवणार."

ज्या माणसाने आयुष्यभर उशिरा येणाऱ्यांना दाराबाहेर उभं केलं, तो चपला हातात घेऊन, पावलांचा आवाज न करता परत आला. बारा फुटी आजी तोवर नव्या इमारतीच्या पायरीवर बसल्याही होत्या. "इथेच करू या," त्या म्हणाल्या. "पण आवाज खाली. जो ओरडेल त्याला काठी."

आणि सत्तर माणसांनी अंगणात उभं राहून दबक्या आवाजात प्रार्थना म्हटली. वरच्या मजल्यांवरचे लोक कठड्याशी आले. नर्स रात्रपाळीवरून आली होती, ती तशीच फाटकात उभी राहिली. पोरं काही विचारायला लागली की त्यांना कुणीतरी गप्प करत होतं.

पॉलिशबाईला जाग आली ती त्या गुणगुणीने. भिंतीवर ऊन होतं. एवढं ऊन भिंतीवर असताना आपण अंथरुणात कशा, हे तिला आधी उमगेना. मग उमगलं, आणि ती ताडकन उठून, मोकळ्या केसांनी, अनवाणी बाहेर धावली. प्रार्थना नुकतीच संपली होती. सत्तर माणसं तिच्याकडे बघत होती.

हेडमास्तर पुढे आले. सवयीने त्यांचा आवाज वर्गातला झाला. "बाई, आज उशीर झाला."

तिने सगळ्यांकडे पाहिलं, मागे आपल्या उघड्या दाराकडे पाहिलं, दारात पाय पसरून बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. तिला एकदम हसू आलं. इतकं, की बोलताही येईना.

"हो सर," ती डोळे पुसत म्हणाली. "घर जवळ आलं ना, म्हणून उशीर झाला."